मुलं पोहोचण्याआधीचे दहा दिवस

प्रिय बाय,

सप्रेम आशीर्वाद.

लिस्बनचं नक्की झालं हे वाचून फार बरं वाटलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर, दोन तुकड्या, एकेका तुकडीत फोंडा, म्हापसा, मडगावची बारा मुलं, आणि सगळी तिथल्या कुटुंबांत राहणार. म्हणजे चोवीस घरच्या आईवडिलांचा जीव तुझ्यावर. तू पहिल्या तुकडीच्याच विमानाने जायचं म्हणतेस, ते मात्र बदल. निदान दहा दिवस आधी जा. ज्या शहरात रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान तुला ठाऊक नाही, तिथे तू मुलांची जबाबदारी घेऊ शकत नाहीस. आणि मुलं आल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

दहा दिवस आधी जायचं तर व्हिसाचं गणित आधी मांड. शेंगेन व्हिसावर, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. १ सप्टेंबरला उतरलीस तर ९०वा दिवस २९ नोव्हेंबर. परतीचं तिकीट त्याच्या आठवडाभर आधीचं काढ, कारण विमान रद्द झालं किंवा एखादं मूल आजारी पडलं तर हातात दिवस लागतात. मधे शेंगेनबाहेर, लंडनला जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, असं गोव्यात पुष्कळजण सांगतील. तसं होत नाही. पासपोर्टवरच्या स्टिकरवर किती दिवसांची मुभा दिली आहे तेही वाच. कधी कधी ती ९० पेक्षा कमी असते.

राहण्यासाठी खोली बघताना खिडकी आहे का, हे पहिलं विचार. लिस्बनच्या जुन्या इमारतींत आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या खोल्या सर्रास भाड्याने देतात. बहुतेक घरांत हीटरची कायम व्यवस्था नसते. नोव्हेंबरात पाऊस लागला की बाहेरपेक्षा आतच जास्त गारठा वाटतो आणि भिंतींना आपल्याकडच्या जुलैसारखी बुरशी धरते. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि करार हाती आल्याशिवाय अनामत पाठवू नकोस. पहिले चार-पाच दिवस वसतिगृहात काढलेले परवडतात.

सामानात घरचं काय न्यायचं, हे मुलांच्या आयांनाही लेखी कळव. दूध आणि मांस यांपासून केलेलं काहीही युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही. म्हणजे पेढे, तूप, पनीर नको आणि चवरीस, आपलं डुकराच्या मांसाचं सॉसेज, तर नकोच. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी आणि सुके मासे मात्र चालतात. ताजी फळं, भाज्या, पानं यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणून मानकुराद आंबे आणि कढीपत्ता घरीच राहू दे. नारळ, केळी, अननस यांना मुभा आहे. डाळ-तांदूळ वाहून नेऊ नकोस. मार्तीं मोनीझ भागात भारतीय आणि बांगलादेशी दुकानं आहेत, तिथे सगळं मिळतं. औषधं मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी, तीत औषधाचं मूळ रासायनिक नाव. आपली ब्रँडची नावं तिथल्या फार्मासिस्टला कळत नाहीत.

आता त्या दहा दिवसांत करायचं काय, ते सांगतो. प्रत्येक यजमानाच्या घरी स्वतः जा, आणि मूल जसं जाईल तसं जा: मेट्रो, बस, पायी. मेट्रोचे चार मार्ग आहेत, त्यातला लाल विमानतळावर जातो. गाड्या सकाळी साडेसहा ते रात्री एकपर्यंत. नावेगांते हे तिकिटाचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. इमारतीशी पोहोचलीस की बेलची पाटी बघ. तिथे आडनाव बहुधा नसतं. फक्त मजला आणि जिन्याच्या डाव्या की उजव्या हाताचं घर, एवढंच. आपली मुलं ‘तिसरा मजला’ एवढं लक्षात ठेवतात आणि रात्री नऊला परक्याची बेल वाजवतात. प्रत्येक मुलाला पत्त्याचं कार्ड दे: पूर्ण पत्ता, मजला, बाजू, यजमानाचा फोन, तुझा फोन, ११२. कार्ड कागदाचंच हवं. फोनची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते.

११२ हा पोलीस, रुग्णवाहिका, आग या सगळ्यांसाठीचा एकच क्रमांक. लहान-मोठ्या दुखण्याला आधी ८०८ २४ २४ २४ या सरकारी आरोग्य सल्ला क्रमांकावर फोन कर. अठराच्या आतल्या मुलांसाठी शहरात दोना एस्तेफानिया रुग्णालय आहे. तिथवरचा रस्ता एकदा रात्री चालून बघ. औषधाच्या दुकानांवर हिरवा क्रॉस असतो, आणि रात्री कुठलं दुकान पाळीवर आहे ते बंद दुकानांच्या दारावर लिहिलेलं असतं.

पालकांचं संमतीपत्र दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं असावं, आणि त्यात तातडीच्या उपचारांना परवानगी आहे असं स्पष्ट वाक्य हवं. नुसतं ‘प्रवासाला हरकत नाही’ पुरत नाही. मुलाला टाके घालायची वेळ आली की डॉक्टर तुझा अधिकार विचारणारच. इंग्रजीसोबत पोर्तुगीज प्रत जोड. गोव्यात तसा अनुवाद करून देणारे सहज मिळतात.

सगळ्यांचे पासपोर्ट स्वतःच्या पिशवीत गोळा करू नकोस. ती एक पिशवी गेली तर बारा मुलं अडकतात. पासपोर्ट ज्याचा त्याच्या यजमानाच्या घरी कुलपात आणि छायाचित्र तुझ्याकडे. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथून परत येण्यापुरता आपत्कालीन दाखला मिळतो. रेस्तौरादोरेस चौकात पर्यटकांसाठी वेगळी पोलीस चौकी आहे. २८ नंबरच्या ट्राममध्ये खिसेकापू नेहमीचेच, म्हणून तुकडीला घेऊन त्या ट्राममध्ये चढू नये असं माझं मत आहे. तो रस्ता पायी जास्त चांगला दिसतो. मात्र बूट खडबडीत तळव्याचे हवेत. तिथले पांढऱ्या दगडांचे पदपथ पावसात शेवाळलेल्या घाटाइतके निसरडे होतात.

मेट्रोत तुकडी तुटते ती दारापाशी. मुलांना १ ते १२ आकडे दे आणि फलाटावर एकदा, डब्यात एकदा मोठ्याने म्हणायला लाव. तू शेवटी चढायचं. कोणी राहिलंच तर त्याने आहे तिथेच थांबायचं, पुढच्या गाडीत चढायचं नाही. डब्यातल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि तू मागे जायचं. हे पहिल्याच दिवशी रिकाम्या वेळी प्रत्यक्ष करून घे. नुसतं सांगितलेलं गर्दीत कोणाला आठवत नाही.

शाकाहारी मुलांसाठी यजमानांशी तू स्वतः बोल. ‘मांस खात नाही’ म्हटलं की मासे, टुना, हॅम चालेल असा अर्थ घेतला जातो. काल्दु व्हेर्द नावाचं सूप हिरव्या पाल्याचं दिसतं, पण त्यात चवरीसाची चकती टाकायची पद्धत आहे. प्रत्येक गोष्ट नाव घेऊन विचार. एखाद्या शनिवारी लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात ने. तिथे शाकाहारी जेवणाची खानावळ आहे.

घरची आठवण पहिल्या दिवसांत फारशी येत नाही, तेव्हा सगळं नवं असतं. नवेपणा ओसरला की येते, आणि पोटदुखी होऊन येते. ‘बरं आहे ना?’ असं विचारशील तर उत्तर ‘हो’ येईल. त्याऐवजी काल रात्री काय जेवलास, किती वाजता झोपलास, घरात कोणाशी बोललास, हे विचार, आणि चालता चालता विचार, समोर बसवून नको. पण बाकीच्यांच्या नजरेसमोर. बंद खोलीत एकट्या मुलाशी बोलायचं नाही, हा नियम तुलाही आणि यजमानांनाही. यजमानाचं घर पटत नाही असं मूल म्हणालं तर आधी कारण काढ. जेवण, खोली, भाषा असेल तर तीन दिवस थांब. भीती वाटते असं म्हणालं, किंवा म्हणता येत नाही असं दिसलं, तर त्याच रात्री हलव आणि चौकशी नंतर कर.

पालकांच्या फोनला वेळ बांधून दे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत गोवा साडेचार तास पुढे, नंतर साडेपाच. गोव्यात सकाळी सातला आईने फोन केला तर तिथे रात्रीचे अडीच असतात, आणि दुसऱ्या दिवशी मूल वर्गात पेंगतं. गोव्याची रात्री दहाची वेळ ठेव: तिथे साडेपाच, घड्याळं बदलली की साडेचार. गणपतीची चवथ आणि दिवाळी यातलं जे तुकडीच्या मुक्कामात येईल त्या दिवशी हा नियम सैल कर. दिवाळीच्या सकाळी यजमानांसाठी मुलांकडूनच फोव, म्हणजे पोहे, करवून घे; हात कामात असले की रडू कमी येतं.

यजमानांचे पत्ते आले की प्रत्येक घरापासून मेट्रो किती मिनिटांवर आणि रस्ता चढाचा की सपाट, एवढं लिहून मला कळव. दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलाला दमा आहे. आल्फामा या चढावरच्या जुन्या भागातलं, पायऱ्यांवरचं घर त्याला नको.