चवथीला नेवरी खाल्ली, मग महिना फुकट गेला का?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मॅडम, महिनाभर साखर सोडायचं चॅलेंज घेतलेलं, मस्त चाललेलं, आणि चवथीत सगळं मोडलं, आता परत पहिल्यापासून सुरू करू का, की माझ्यात विलपॉवरच नाही? विचारणारे आळशी अजिबात नसतात, उलट ऑफिसात सगळं वेळेवर करणारी, घरची लिस्ट तोंडपाठ असणारी माणसं असतात, आणि मला वाटतं म्हणूनच ती इथे जास्त अडकतात.

फोंड्याकडची एक ताई आलेली (ओळख पटेल असे तपशील बदललेत). नोकरी पणजीला, रोज कदंबच्या बसने येजा. रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरवर आली म्हणून डॉक्टरांनी गोड कमी करा सांगितलं, हिने कमी वगैरे भानगडच ठेवली नाही, एक तारखेपासून बंद. मोबाईलवर अ‍ॅप, रोज एक हिरवी टिक. पहिल्या आठवड्यात डोकं इतकं दुखलं की तिला वाटलं साखरेचं व्यसनच लागलंय आपल्याला. मी विचारलं, चहा किती व्हायचा आधी? चार-पाच कप. आणि आता? "बिनसाखरेचा घशाखाली उतरेना, म्हणून चहाच सोडला." म्हणजे साखरेबरोबर चहातलं कॅफिनही एका दिवसात बंद, आणि रोजचं कॅफिन अचानक तोडलं की डोकेदुखी, चिडचिड, सुस्ती हे बऱ्याचदा होतं, काही दिवसांत आपोआप जातं. बिचारी उगाचच स्वतःला व्यसनी समजत बसलेली.

मग चवथ. सासरच्या मूळ घरी सगळं गणगोत, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, आणि आरती झाल्यावर सासूबाईंनी हातावर नेवरी, म्हणजे करंजी, ठेवली. हिने नको म्हटलं तर त्या म्हणाल्या, "प्रसादाक ना म्हणपाचें न्हय गो." खाल्ली. एकच. पण त्या एका नेवरीनंतर दिवसभर डोक्यात एकच, की आता टिक गेली, मोडलंच आहे तर मोडलंच. दुपारी पातोळ्या, मणगणं असं गोडधोड, आणि रात्री सगळे झोपल्यावर ही स्वयंपाकघरात, लाईट न लावता, स्टीलच्या डब्याचं झाकण आवाज होऊ नये म्हणून पोटाशी धरून उघडलेलं, उभ्याने नेवऱ्या खातेय. चव लागत होती का विचारलं तर म्हणाली नाही, फक्त संपवत होते. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून दुपारपर्यंत उपाशी, आणि संध्याकाळी परत तेच.

हे तिचं एकटीचं नाही हो. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव बघायच्या निमित्ताने हवं तेवढं आईस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी डाएटच्या फंदात नसायच्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर साहजिकच कमी खाल्लं, पण ज्या सतत खाण्यावर ताबा ठेवायच्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाय असं वाटलं की आतला पहारेकरी दिवसभरासाठी सुट्टीवरच जातो. म्हणजे घात त्या एका नेवरीने केला नाही, 'सगळं गेलं' या विचाराने केला. आणि विलपॉवर नाही म्हणणाऱ्या बाईने त्याआधी तीनेक आठवडे ऑफिसातल्या प्रत्येक वाढदिवसाचा केक नाकारलेला होता, ते मात्र तिच्या हिशोबातच नव्हतं!

आम्ही मग तिचा दिवस तासातासाने लिहून काढला, आणि खरी गंमत तिथे निघाली. गोड खायची इच्छा जवळपास रोज बस पकडायच्या वेळेलाच. का? कारण साखरेबरोबर हिने दुपारचा भातही निम्मा केलेला, शीत-कडीचे चार घास आणि पळ. भूक होती ती साधी. डबा पोटभर झाला, पर्समध्ये शेंगदाणे आले, तशी अर्धी लढाई तिथेच संपली. दुसरं म्हणजे सकाळी गरम पाण्यात मध, चवीला माडाचा गूळ आणि पॅकेटातला ज्यूस हे सगळं तिच्या यादीत 'चालतं' मध्ये होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात मध, सिरप आणि फळांचा रसही त्याच साखरेत धरलेत, आणि गूळ तर आपण वरून घालतोच. रोजच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, आणि २५ ग्रॅम म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवलं तर आणखी बरं, असं ते सांगतात. एका कोल्ड्रिंकच्या कॅनमध्येच तीसेक ग्रॅमच्या वर जाते. त्यापुढे वर्षातून एकदा येणाऱ्या नेवरीवर एवढा राग कशाला.

नियम तिनेच परत लिहिला. कोल्ड्रिंक, ज्यूस, बिस्किटं बंद, चहा परत सुरू पण बिनसाखरेचा, आणि सणाचं गोड ताटात वाढून, बसून, माणसांत खायचं. अंधारात डब्यातून नाही. जास्त झालंच तर पुढचं जेवण नेहमीसारखं, उपास घालून वसुली नाही. अ‍ॅप तिने स्वतःच काढून टाकलं. नवऱ्याला मात्र मला वेगळं बोलवून सांगावं लागलं, की "परत खाल्लंस का" हा प्रश्न जरा बंद ठेवा, कारण लपून खाण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र हे असले चॅलेंज स्वतःच्या मनाने घेऊ नका, खाणं एकदम कमी झालं आणि डोस तोच राहिला तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांशी बोला. आणि खाल्ल्यावर उलटी काढणं, वरचेवर लपून भरमसाट खाणं, दिवसदिवस उपाशी राहणं असं चालू असेल तर चॅलेंज तिथेच थांबवा आणि सरळ मदत घ्या, तो साखरेचा प्रश्न राहिलेला नसतो.

ताईचं वजन किती उतरलं विचारू नका, मी विचारलंच नाही. दिवाळीच्या आधी आलेली तेव्हा म्हणाली, फोव (पोहे) खाणार, रोसांतले, म्हणजे नारळाच्या रसातले गोड, तर नक्कीच, तेही सगळ्यांबरोबर बसून. घरचा बिनसाखरेचा चहा आता जमतोय. ऑफिसातल्या मशीनचा चहा आधीच गोड येतो, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, सध्या ती तिथे लिंबूपाण्यात मीठ घालून काम भागवतेय.