अटॅकनंतर बलून पंप, इम्पेला की एक्मो?

तुम्ही विचारलंय की वडिलांना मोठा अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, तरी बीपी उचलत नाहीये. डॉक्टर बलून पंप म्हणताहेत आणि मामा म्हणताहेत, लावायचं तर एक्मोच (शरीराबाहेरून हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन) लावा.

मी हृदयरोग आयसीयूत डॉक्टर आहे. वडिलांना न बघता मशीन ठरवणं चुकीचं होईल, पण आधी एक विचारा: इकोमध्ये काय दिसलं? नुसता स्नायू दुबळा झालाय, की आत काही फाटलंय?

दोन कप्प्यांमधला पडदा फाटला असेल किंवा मायट्रल झडपेचा आधार तुटला असेल, तर खरा उपाय ऑपरेशन. तोवर बलून उपयोगी पडतो. हृदय आकुंचन पावायच्या क्षणी महाधमनीतला फुगा मिटतो, पुढचा दाब उतरतो आणि चुकीच्या दिशेने जाणारं रक्त कमी होतं.

स्नायूच दुबळा असेल तर मात्र बलूनकडून फार आशा ठेवू नका. 2012 मध्ये जर्मनीतल्या 600 रुग्णांच्या अभ्यासात बलून लावलेले आणि न लावलेले, दोन्हीकडे महिन्याभरात साधारण 40 टक्के रुग्ण दगावले.

मामांचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण एक्मो पायाच्या धमनीतून रक्त उलटं वर ढकलतं. थकलेल्या डाव्या कप्प्याला त्या दाबाविरुद्ध पंप करावं लागतं. 2023 च्या अभ्यासात सरसकट एक्मो लावून जीव जास्त वाचले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. फुप्फुसं किंवा हृदयाची उजवी बाजूही कोलमडली असेल, तर गोष्ट वेगळी.

इम्पेला हा नळीवरचा छोटा पंप, तो हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त ओढून महाधमनीत सोडतो. 2024 च्या डेन्मार्क-जर्मनी-ब्रिटनच्या अभ्यासात सहा महिन्यांत 45.8 टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या उपचारांत 58.5. फरक मोठा आहे. पण ते निवडक रुग्ण होते: ईसीजीत एसटी हा भाग उंचावलेला दिसतो तो मोठा अटॅक, मुख्यतः डावी बाजू निकामी, आणि हृदय बंद पडून बेशुद्ध राहिलेले त्यात नव्हते. शिवाय रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं, डायलिसिस लागणं, हे सगळं इम्पेलाकडे जास्त होतं. डाव्या कप्प्यात गुठळी असेल तर तो घालताच येत नाही. खर्चही लाखांत जातो.

म्हणून आजच विचारा: उजवी बाजू कशी आहे, लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) वाढतंय की उतरतंय, आणि मशीन काढता आलं नाही तर पुढे काय? आणि मशीन लागलं, तर ज्या पायातून नळी गेलीय तो गरम आहे ना, हे भेटीच्या वेळी दर वेळी विचारा.