दुबईच्या पुरात बुडालेली मस्टँग अमेरिकन गाडीचे सुटे भाग वापरून दुरुस्त करावी का?

१६ एप्रिल २०२४ च्या पावसात आपली २०१८ ची गल्फ स्पेक (आखाती देशांसाठी बनवलेली) मस्टँग जीटी तळघरातील पार्किंगमध्ये सीटच्या उंचीपर्यंत बुडाली, विमा केवळ तृतीय पक्षाचा असल्याने भरपाई मिळाली नाही, आणि आता शारजातील एक व्यापारी त्याच वर्षाच्या अमेरिकन मस्टँगचे सुटे भाग देऊ करतो आहे. ते घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. मी शारजात गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि त्या पावसानंतर अशा बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्या आहेत. माझे मत असे की यांत्रिक भाग आणि पत्रा अमेरिकन चालेल, इलेक्ट्रॉनिक भाग पार्ट नंबर जुळला तरच घ्यावा, आणि एअरबॅगशी संबंधित एकही वापरलेला भाग घेऊ नये. मात्र यांपैकी काहीही विकत घेण्यापूर्वी आपली गाडी पूर्ण उघडून पाहणे आवश्यक आहे.

इंजिन अजून कोणी सुरू केले नसेल तर कृपया करू देऊ नका. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते पुरेसे साचले असेल तर पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि स्वच्छ करून वाचले असते ते इंजिन कायमचे जाते. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने फिरवावा, ऑइल काढून ते दुधाळ झाले आहे का ते पाहावे. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना हवा खेळण्यासाठी नळी असते व तिथूनही पाणी शिरते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाणी राहिले तर क्लचच्या चकत्यांचे अस्तर सुटू लागते, म्हणून तेथील तेल तपासल्याखेरीज गाडी हलवू नये. यांपैकी काही खराब निघाले तर अमेरिकन भाग निःशंकपणे घ्यावा. व्ही-८ इंजिनाचा ठोकळा, गिअरबॉक्सची यंत्रणा, सस्पेन्शन, दरवाजे यांत बाजारामुळे फरक पडण्याचा संभव कमी असतो. अमेरिका आणि आखात दोन्हीकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे जपानी गाड्यांच्या हेडलाइटबाबत येणारी प्रकाशझोत उलट पडण्याची अडचणही इथे येत नाही.

खरा प्रश्न वायरिंगचा आहे, आणि बहुतेक लोक तोच शेवटी ठेवतात. त्या दिवशी यूएईत १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक पाऊस झाला, अल ऐनजवळ चोवीस तासांत २५४ मिलिमीटरहून अधिक, आणि निचरा नसल्यामुळे ते पाणी तळघरांत वाळू व सांडपाण्यासह साचून राहिले. असे पाणी कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) तर शिरतेच, शिवाय तारेच्या बारीक तंतूंमधून आवरणाच्या आतून बरेच वर चढते. बाहेरून कोरडी, स्वच्छ दिसणारी तार सोलली की आत हिरवी पडलेली सापडते. म्हणून सीट, कन्सोल आणि कार्पेट काढलेच पाहिजे. कार्पेटखालचा फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो आणि मस्टँगमध्ये प्रवाशाच्या पायाजवळ बाजूच्या झाकणामागे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, कुलपे वगैरे चालवणारा छोटा संगणक) व फ्यूजपेटी आहे. आपल्या गाडीत ती बुडालेलीच असणार. बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटवर दोन्ही कॅन तारांमधील (ज्यांवरून गाडीतील मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या) रोध मोजावा: तो साधारण ६० ओहम यायला हवा, कारण जोडणीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक असतात. १२० आला तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा एका टोकाची जोडणी गेली आहे, फारच कमी आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

आता अमेरिकन इलेक्ट्रॉनिक भागांविषयी. फोर्डच्या पार्ट नंबरचे तीन तुकडे असतात. पहिला तो भाग मुळात कोणत्या वर्षाच्या कोणत्या मॉडेलसाठी आखला ते सांगतो, उदाहरणार्थ २०१८ च्या मस्टँगसाठी आखलेल्या भागावर ‘जेआर३’. मधला भागाचा प्रकार सांगतो. शेवटचा आवृत्ती सांगतो. व्यापारी मधला तुकडा दाखवून ‘सेम आहे’ म्हणतो, पण फरक शेवटच्या तुकड्यातही असू शकतो. अमेरिकन मस्टँगच्या टायरप्रेशर सेन्सरची वारंवारता ३१५ मेगाहर्ट्झ असते, तर युरोप व इतर अनेक बाजारांत ती ४३३ असते. तिकडचे मॉड्यूल बसवले आणि आपल्या चाकांतील सेन्सर दुसऱ्या वारंवारतेचे निघाले तर इशाऱ्याचा दिवा विझणारच नाही. तिकडचा रेडिओ ८८.१, ८८.३ असा विषम दशांशांवरच थांबतो, त्यामुळे प्रदेशाची सेटिंग बदलेपर्यंत सम दशांशावरील स्थानिक केंद्रे मिळत नाहीत. स्पीडोमीटर मात्र घेऊच नका. तो मैलांचा असतो, त्यात दुसऱ्या गाडीचे अंतर नोंदलेले असते, ताशी १२० किलोमीटरला वाजणारी आपल्याकडची घंटा त्यात नसते, आणि मुळात सीटपर्यंतचे पाणी आपल्या स्पीडोमीटरपर्यंत पोहोचलेलेच नाही. रेडिएटर व कंडेन्सरही नुसते बुडाल्याने निकामी होत नाहीत, ते धुवून वापरावेत. पंख्याची मोटर गेली असल्यास इथल्या उन्हाचा विचार करून गल्फच्याच क्रमांकाची घ्यावी. बॉडी मॉड्यूल बदलावे लागले तर त्यात आपल्या चासी क्रमांकाची मूळ ‘अ‍ॅज-बिल्ट’ नोंद (कारखान्यातून निघतानाची सेटिंग) लिहून घ्यावी, ज्या गाडीतून ते काढले तिची नव्हे, आणि आपल्या चाव्या त्याला पुन्हा शिकवाव्यात.

एअरबॅगच्या बाबतीत मी कोणाशीही तडजोड करत नाही. नियंत्रण मॉड्यूल कन्सोलखाली जमिनीलगत असल्यामुळे आपले भिजलेले असणार, ते नवेच घ्यावे. अमेरिकेच्या सुरक्षा मानक क्रमांक २०८ मध्ये पट्टा न लावलेल्या माणसाचाही विचार केलेला आहे, आणि पुढच्या सीटवर लहान मूल असल्यास एअरबॅग बंद राहावी म्हणून तिकडच्या सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असतो. ती सीट आपल्या मॉड्यूलला जोडली तर एअरबॅगचा इशाऱ्याचा दिवा पेटेल, आणि तो दिवा काढून टाकणारा ‘कारागीर’ लगेच भेटेल. अपघातात ती एअरबॅग उघडली नाही तर सीटवर बसलेला माणूस आपल्याच घरचा असेल.

आणखी एक गोष्ट तपासा: ही अमेरिकन मस्टँग कशामुळे सुट्या भागांसाठी तोडली गेली? अमेरिकेत २०२२ च्या इयान वादळात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांनी लिलावात काढल्या, आणि लिलावातील गाड्या कंटेनरने आखातापर्यंत येतात. चासी क्रमांक मागून घ्या. अमेरिकेतील एनआयसीबी या संस्थेच्या संकेतस्थळावर तो मोफत तपासता येतो. व्यापारी क्रमांक देत नसेल तर त्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेषा पाहा आणि सीटखालच्या स्प्रिंगांवर गंज आहे का ते पाहा.

केबिनचे मुख्य वायरिंग बऱ्याच ठिकाणी हिरवे निघाले तर दुरुस्तीचा विचार सोडून गाडी सुट्या भागांसाठी विकावी, असे मी सुचवेन. ते फक्त जमिनीलगतच्या कपलरपुरतेच खराब असेल तर तेवढे तुकडे बदलून ही गाडी चांगली उभी राहते. मग व्यापाऱ्याकडे जाताना आपण काढलेले भाग सोबत न्या आणि क्रमांक शेजारी ठेवून वाचा.