नुसती बटणंच दाबली त्यानं!

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विज्ञान केंद्रांतल्या सुट्टीच्या गर्दीविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत सातवीतल्या मुलाला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नेलं. डोंबिवलीहून जाण्यायेण्यात आणि बघण्यात अख्खा दिवस गेला. पण हा एका जागी दोन मिनिटं टिकला असेल तर शपथ. बटण दाब, चाक फिरव, पळ पुढे! एक पाटी धड वाचली नाही. घरी आल्यावर "काय शिकलास?" म्हणून विचारलं, तर "मजा आली" एवढंच. ह्यांचं म्हणणं, त्यापेक्षा स्कॉलरशिपचं पुस्तक घेतलं असतं तर उपयोग झाला असता. अशा ठिकाणांचा मुलांच्या आयुष्यावर खरंच काही परिणाम होतो का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : होतो. नोकरीची सगळी वर्षं मी विज्ञान केंद्राच्या दालनांत मुलांच्या शेजारी उभी राहून काढली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगते. पण तो कधी आणि कशातून दिसेल याचा नेम नसतो. त्याच संध्याकाळी "काय शिकलास?" असं विचारून तर तो हाती लागत नाहीच.

आधी पळण्याबद्दल. विज्ञान केंद्रात आलेलं मूल सुरुवातीला पळतंच. एवढं सगळं समोर मांडलेलं, हात लावायची मुभा, ओरडायला कुणी नाही. मग ते आधी सगळीकडे एक फेरी मारून घेतं. खरी गंमत त्या फेरीनंतर असते. दमलेलं मूल कुठल्या तरी एका वस्तूपाशी परत जातं. मी कायम त्या परत जाण्याकडे लक्ष ठेवून असायची. तुमचा मुलगा कशापाशी परत गेला होता, ते आठवून बघा. तो परत जायच्या आतच जेवणाची किंवा गाडीची वेळ झाली असेल, तर सहल अर्धीच राहिली म्हणायची.

कप्प्यांच्या खुर्च्यांचं उदाहरण देते. बऱ्याच विज्ञान उद्यानांत त्या असतात. खुर्चीत बसायचं आणि दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायचं. एका खुर्चीला कप्पी एकच, पुढच्या खुर्च्यांना वाढत्या संख्येनं. मुलं शर्यत लावतात, आणि कमी कप्प्यांच्या खुर्चीतलं मूल लालबुंद होतं. सगळ्यात जास्त कप्प्यांच्या खुर्चीत एकदा एक किरकोळ अंगाची मुलगी बसली होती. ती सहज वर गेली, खाली आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मात्र ती वर बघतच नव्हती. मांडीवर साठत चाललेल्या दोरीकडे बघत होती. मग म्हणाली, "जोर कमी लागतो, पण दोरी केवढी ओढावी लागते!" तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात साध्या यंत्रांचा धडा असणारच, आणि त्यात हेच लिहिलेलं असतं. जोरात जेवढं वाचवाल तेवढं अंतरात मोजावं लागतं, यंत्र फुकट काही देत नाही. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिच्या दंडांना आधी कळलं आणि तोंडातून नंतर आलं. पाटी तिनंही वाचली नव्हती.

आता "आयुष्यावर परिणाम" याबद्दल. विज्ञान केंद्र बघितलेलं मूल शास्त्रज्ञ झालं तरच पैसे वसूल, अशी आपली समजूत असते. ऑलिव्हर सॅक्स हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. मेंदूचे मोठे डॉक्टर आणि आपल्या रुग्णांविषयी फार मायेनं लिहिणारे लेखक. मुलगा लंडनचा. टंगस्टनच्या तारेचे दिवे बनवणारा एक मामा होता, त्यामुळे रसायनांचं वेड घरातूनच लागलेलं. महायुद्धात बंद असलेलं साउथ केन्सिंग्टनचं सायन्स म्युझियम 1945 मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. तिथे जिन्याच्या तोंडाशी मूलद्रव्यांची एक भलीमोठी आवर्त सारणी होती आणि तिच्या खणाखणांत त्या त्या मूलद्रव्याचे खरेखुरे नमुने ठेवलेले. जगातले सगळे पदार्थ ज्यातून बनले ती यादी एवढीच आणि इतकी नेटकी आहे, हे डोळ्यांसमोर बघून त्या रात्री त्याला धड झोप लागली नाही, असं त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवलं आहे.

हा मुलगा काही रसायनशास्त्रज्ञ झाला नाही. पण ती सारणी त्याला सोडूनही गेली नाही. सॅक्स जन्मभर मूलद्रव्यांचे नमुने जमवत राहिले. वय मोजायचे तेही अणुक्रमांकांवरून, म्हणजे सारणीतल्या मूलद्रव्यांच्या क्रमांकांवरून. 2015 मध्ये, कॅन्सर पसरलेला असताना, त्यांच्या टेबलावर शिसं होतं. शिशाचा क्रमांक 82 आणि त्यांचं वयही तेवढंच. पुढचा, 83 क्रमांकाच्या बिस्मथचा वाढदिवस आपल्याला दिसेल असं वाटत नाही, असं त्यांनी लिहिलं, आणि ऑगस्टअखेरीस ते गेले. बाराव्या वर्षी त्या जिन्याच्या तोंडाशी बघितलेली गोष्ट शेवटच्या आजारात सोबतीला होती. स्कॉलरशिपच्या कुठल्या रकान्यात हे मांडणार?

पुस्तक जरूर घ्या, त्याचं आणि याचं भांडण नाही. पण पुन्हा न्याल तेव्हा सगळं केंद्र बघायचा हट्ट धरू नका. एकच दालन, किंवा नुसतं बाहेरचं विज्ञान उद्यान. वरळीचं हे उद्यान 1979 सालचं, म्हणजे 1985 मध्ये केंद्राचं रीतसर उद्घाटन झालं त्याच्याही आधीचं. आवारात वाफेचं इंजिन आहे, आपल्या देशात बनलेलं मारुत लढाऊ विमान आहे. दोन अंतर्गोल तबकड्या समोरासमोर उभ्या केलेल्या कुठे दिसल्या, तर तिथे तुम्ही एका तबकडीपाशी उभ्या राहा आणि मुलाला लांब दुसरीकडे पाठवा. मधे कितीही गोंगाट असू द्या, ठरलेल्या जागी तोंड नेऊन नुसतं कुजबुजा. त्याला स्वच्छ ऐकू जाईल, कारण तुमची तबकडी पसरणारा आवाज गोळा करून सरळ समोर पाठवते आणि त्याची तबकडी तो पुन्हा एका बिंदूत आणते. हे दोघांनी मिळूनच करावं लागतं, म्हणून सांगते. घरी आल्यावर "काय शिकलास?"ऐवजी "परत गेलो तर आधी कुठे जाशील?" असं विचारा. ह्यांनाही सोबत न्या.

प्रश्न : मी अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पालक मजुरीला जाणारे. मुंबईची सहल परवडत नाही. आमच्या मुलांनी विज्ञान केंद्र फक्त फोटोतच बघायचं का?
– एक शिक्षक

उत्तर : सर, ते तुमच्याकडे येऊ शकतं. बसमध्ये प्रयोग भरून गावोगाव फिरायची कल्पना कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक संग्रहालयानं 1965 मध्येच अमलात आणली. आजही विज्ञान केंद्रांच्या फिरत्या बसगाड्या ग्रामीण शाळांपर्यंत जातात. आजूबाजूच्या चार शाळा एकत्र करा, मुख्याध्यापकांच्या सह्यांनी वरळीच्या केंद्राला पत्र पाठवा. गाडी उभी करायला मोकळी जागा आणि विजेची सोय आहे, हे पत्रातच लिहा. उत्तराला वेळ लागला तर पुन्हा लिहा.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून 'पुलस्त्य' ही वास्तू उभी राहिली आणि तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. अरविंद गुप्ता यांनी तिथे बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली आणि मुलांकडून करून घेतली. त्यांचं एक साधं काम उद्याच वर्गात करा. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे छोटे तुकडे कापा आणि त्यांत काडेपेटीच्या काड्या खोचून सांधे करा. काड्यांची गुलाची टोकं आधी खरवडून काढा. मुलांना एक चौकोन आणि एक त्रिकोण करायला सांगा. चौकोन दाबला की लगेच तिरका होतो. त्रिकोण कसाही दाबा, आकार सोडत नाही. मग चौकोनात एक तिरकी काडी बसवायला सांगा. एवढं झालं की मुलांना बाहेर नेऊन पत्र्याच्या छपराला आधार देणारी कैची किंवा डोंगरावरचा विजेचा टॉवर दाखवा आणि त्यात त्रिकोण मोजू द्या. हे वर्गाच्या कोपऱ्यात कायम मांडून ठेवा, कपाटात कुलूपबंद करू नका. मोडलं तर मुलंच दुरुस्त करतील.

प्रश्न : मी बी.एस्सी. (भौतिकशास्त्र) झाले. एका विज्ञान केंद्रात मार्गदर्शक म्हणून कंत्राटी नोकरी लागली आहे. नातेवाईक म्हणतात, "पोरांना बटणं दाखवायला डिग्री कशाला हवी?" खूप वाईट वाटतं. काय उत्तर देऊ?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : नातेवाइकांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. तुला मात्र एका माणसाची गोष्ट सांगते. फ्रँक ओपेनहायमर. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट यांचा धाकटा भाऊ, स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. जुन्या राजकीय संबंधांवरून 1949 मध्ये चौकशी झाली, विद्यापीठातली नोकरी गेली, आणि या माणसानं कोलोरॅडोत जाऊन अनेक वर्षं गुरं पाळली. मग तिथल्याच गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं. शिकवता शिकवता त्यांना पटलं की वस्तू हाताळल्याशिवाय विज्ञान अंगी लागत नाही. 1969 मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम उघडलं. त्या धर्तीची केंद्रं पुढे जगभर निघाली. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते म्हणायचे.

आणि तिथे येणाऱ्यांच्या मदतीला त्यांनी उभं कुणाला केलं? हायस्कुलातल्या पोरापोरींना, पगार देऊन. हुशार म्हणून निवडलेली मुलं नव्हेत, सगळ्या थरांतली. ती लोकांसमोर गाईचा डोळा कापून आतलं भिंग काढून दाखवत. दुसऱ्याला समजावताना ती मुलं स्वतःच उमलत गेली. हे तुझंही होणार आहे. तुझी डिग्री तिथेच पक्की होईल. मुलं जे प्रश्न विचारतात ते परीक्षेत येत नाहीत.

पहिल्या आठवड्यात एकच सवय लावून घे. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूपाशी मूल आलं की लगेच समजावू नकोस. त्याला चेंडू बोटानं जरा बाजूला ढकलू दे. तो परत आत ओढला जातो हे त्याला बोटाला जाणवू दे. मग विचार, "झोत तिरका केला तर पडेल का?" आणि गप्प राहा. हे गप्प राहणं फार जड जातं. पण मूल काहीतरी बोलतं, चुकीचं का असेना, आणि मग झोत तिरका करून स्वतःच बघतं. चेंडू तिरक्या झोतातही लटकून राहतो. त्यानंतर चेंडूच्या पाठीला चिकटून वळणाऱ्या हवेबद्दल सांग. तेव्हा त्याला ते हवं असतं.

अजून एक. बाकावर पर्स, डबे, पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेल्या आया आणि आज्या तुला रोज दिसतील. "आम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणतील. त्यांना हाताला धरून उठव. विहिरीवर पाणी शेंदलेल्या बाईला कप्पी तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असते, आणि ती नातवाला सांगायला लागली की तू बाजूला होऊन ऐकायचं. तुझ्या दालनात सामान ठेवायची सोय नसेल तर ती साहेबांकडे आधी मागून घे, नाहीतर या बायका उठायच्या नाहीत.