कॅड सॉफ्टवेअरच्या इंटरव्ह्यूची तयारी कशी करू? डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, गाव दारव्ह्याकडे, घरी लॅपटॉप नाही

तुझा प्रश्न पूर्ण वाचला भाऊ. डिप्लोमा झाला, यवतमाळले ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सचा क्लास केला, आता नागपूरजवळच्या बुटीबोरीहून अन् पुण्याहून फोन येऊन राहिले आणि तू नेटवरचे 'टॉप शंभर प्रश्न' पाठ करून राहिला. मी आर्वी तालुक्यातला, आधी आयटीआय ड्राफ्ट्समन मग डिप्लोमा, सध्या शीट मेटलच्या कारखान्यात डिझाइनला आहे, आणि नवीन पोरांची टेस्ट असली की मलाही बसवतात, म्हणून टेबलाच्या त्या बाजूनं काय दिसते ते सांगतो.

पहिले ते शंभर प्रश्न बाजूला ठेव. ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं, सॉलिडवर्क्स १९९५ मध्ये, कोणती कमांड कोणत्या मेनूत आहे, हे कोणी विचारलंच तर दोन मिनिटं जातात त्यात. खरा इंटरव्ह्यू तेव्हा सुरू होते जेव्हा समोरचा माणूस टेबलावर ड्रॉइंगची एक प्रिंट सरकवते आणि म्हणते, "हे काय आहे सांग." तिथं नव्वद टक्के मार्कवाली पोरं गप्प होतात, कारण क्लासमध्ये सॉफ्टवेअर शिकवलं, ड्रॉइंग वाचणं कोणी शिकवलंच नाही. कमांड विसरला तर कोणीबी सांगते रे, बाजूच्या खुर्चीवाला सांगते, ड्रॉइंग वाचता नाही आलं तर मात्र माल स्क्रॅपमध्ये जाते.

म्हणून फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल, म्हणजे कागदावर कोणता व्ह्यू कुठं मांडायचा त्या दोन पद्धती, पक्कं कर, चिन्ह पाहून ओळखता आलं पाहिजे. आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली येते आणि डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. पण अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचं काम असलं की ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येते, टॉप वर जाते, आणि टायटल ब्लॉकमधलं ते छोटंसं शंकूचं चिन्ह न पाहता मॉडेल केलं की भोक उलट्या बाजूला. मी स्वतः विचारतो हा प्रश्न, आणि 'फर्स्ट अँगल म्हणजे ऑब्जेक्ट फर्स्ट क्वाड्रंटमध्ये' हे पाठ केलेलं उत्तर आलं की लगेच प्रिंट पुढं करतो, चिन्हावर बोट ठेव म्हणतो.

आता तयारी कशी करायची, तर माझं एकच म्हणणं आहे, एक खरी वस्तू घे आणि तिचं ड्रॉइंग पूर्ण कर. क्लासच्या पुस्तकातला तो ब्रॅकेट नको, तो सगळ्यांच्या फाइलमध्ये असते, पाहून पाहून आम्हालाच पाठ झाला. तुझ्या गावात थ्रेशर असेलच, नाहीतर वेल्डिंगवाल्याकडे एखादी जुनी व्ही-बेल्टची पुली पडली असेल. ती माग. व्हर्निअर त्याच्याकडे नसला तर कॉलेजच्या वर्कशॉपमधून मिळते का पाहा, सर लोक देतात, चांगलं बोललं तर.

त्या एका पुलीत अर्धा इंटरव्ह्यू आहे, खोटं नाही सांगत. समज बोअर, म्हणजे शाफ्ट बसायचं मधलं भोक, २५ मिमीचा निघाला. आता २५ असं साधं लिहून टाकलं तर टर्नर विचारेल किती कमीजास्त चालते. तू २५ एच७ (भोकाच्या कमीजास्तीचा कोड, शाफ्टचे जी६, के६ तसेच) लिहिलं तर त्याचा अर्थ भोक २५.००० ते २५.०२१ मध्ये पाहिजे. शाफ्ट जी६ घेतला तर तो २४.९८० ते २४.९९३, म्हणजे कमीत कमी ७ मायक्रॉन आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन ढिला. मग मी विचारणार की पुली काय रोज काढायची आहे का, ढिली कायले ठेवतो? तिथं जवळपास घट्ट बसणारा के६ सांगितलं, शाफ्ट २५.००२ ते २५.०१५, तर मला समजते की पोराला फिट समजला, चार्ट पाठ नसला तरी चालते. चावीचा (पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून घालतात तो तुकडा) गाळा मोज, २५ च्या शाफ्टला चावी साधारण ८ बाय ७ ची येते, हबमध्ये (पुलीच्या मधल्या भागात) खोली ३.३, म्हणून ड्रॉइंगवर गाळ्याच्या तळापासून समोरच्या बाजूपर्यंत २८.३ असं माप देतात, कारण ते व्हर्निअरनं मोजता येते. नुसतं ३.३ लिहिलं तर मोजणारा कुठून मोजणार, बोअरच्या वर तर कडाच नाही. हे असं कोणी इंटरव्ह्यूत बोललं ना, की पुढचे चार प्रश्न आपोआप सोपे होतात.

आणि बेल्ट बसते त्या गाळ्यांचा कोन. बेल्ट ४० अंशांचा असते पण पुलीचा गाळा ४० चा नसते, छोट्या पुलीला ३४ आणि मोठ्या पुलीला ३८ पर्यंत. कारण बेल्ट छोट्या पुलीवर वाकला की आतल्या बाजूनं दबून फुगते आणि त्याचा कोन कमी होते, पुली जेवढी लहान तेवढा कोन आणखी कमी. हे थ्रेशरवाल्या मिस्त्रीलाही माहीत नसते, पण त्याची पुली मात्र बरोबर असते.

पुलीचा सेक्शन काढताना हॅचिंगचं (कापलेल्या भागावरच्या तिरप्या रेषा) लक्षात ठेव, लांबीच्या दिशेनं कापलेल्या शाफ्टला, चावीला, बोल्टला हॅच नसते, पुलीला आरे असले तर आऱ्यांनाही नसते, रिबलाही नसते. सॉफ्टवेअर सगळीकडे हॅच मारून देते, ते काढायचं तुला कळलं पाहिजे. हा प्रश्न शंभरातल्या यादीत नसते, आमच्या टेबलावर नेहमी असते.

मॉडेलिंगची टेस्ट वेगळी. बहुतेक ठिकाणी एक आयसोमेट्रिक (वस्तूचं तिरपं, तिन्ही बाजू दिसणारं चित्र) देतात, पाऊण-एक तास देतात, सॉलिडवर्क्समध्ये पार्ट बनव म्हणतात. पोरं घाईघाईनं बनवतात, दिसायला एकदम सेम बनते. मग मी येतो, स्केच उघडतो, रेषा निळ्या आहेत का काळ्या ते पाहतो. निळी म्हणजे अंडरडिफाइन्ड, माउसनं ओढली की सरकते. काळी म्हणजे पक्की. मग एक डायमेन्शन बदलतो, ८ ची प्लेट १० करतो आणि कंट्रोल-बी मारतो, म्हणजे मॉडेल नव्यानं बनते. मॉडेल जागच्या जागी वाढलं तर ठीक, नाहीतर डावीकडच्या ट्रीमध्ये लाल-पिवळी चिन्हं धडाधड यायला लागतात, भोकं हवेत लटकतात, फिलेट (गोल केलेल्या कडा) गायब. पोरगा म्हणते सर मघाशी बरोबर होतं. मघाशी बरोबर होतं ते मला दिसलं बाबा, पण कस्टमर उद्या १० ची प्लेट मागणार आहे. म्हणून प्रॅक्टिस करताना रोज हेच कर, मॉडेल झालं की स्वतःच दोन-तीन मापं बदलून पाहा आणि तुटलं तर का तुटलं ते शोध. शक्यतो ओरिजिन मधोमध घे, सिमेट्री वापर, फिलेट सगळ्यात शेवटी, स्केच छोटे ठेव. असेंब्लीत सहा डिग्री ऑफ फ्रीडम (पार्ट किती दिशांनी हलते-फिरते) आणि कोणत्या मेटनं (दोन पार्ट जोडायची अट) किती जातात हे एक बोल्ट आणि एक भोक घेऊन समजून घे, तेवढ्यात होऊन जाते.

शीट मेटलच्या कंपनीत जात असशील तर हा हिशोब येऊ दे. २ मिमीचा पत्रा, एल आकार, दोन्ही बाजू बाहेरून ५०, आतला रेडियस २, के-फॅक्टर (वाकताना न ताणणारा थर पत्र्याच्या जाडीत कुठं आहे ते) ०.४४. सपाट पत्रा किती कापायचा? पोरं १०० सांगतात. दोन्ही बाजूंतून रेडियस आणि जाडी मिळून ४-४ गेले तर ४६ आणि ४६, वाकलेल्या भागाचे १.५७ (९० अंशांसाठी) गुणिले (रेडियस २ + ०.४४ गुणिले जाडी २, म्हणजे ०.८८) म्हणजे ४.५२, एकूण ९६.५२. कॅल्क्युलेटर देतात, घाबरू नको, फक्त पायऱ्या बोलून दाखव. सोबत एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२ चा टॅप ड्रिल (आटे पाडायच्या आधीचं भोक), आणि बोल्ट आरपार जायचं भोक ९, ११, १३.५, एवढं तोंडपाठ असू दे, पाठ करायचंच असेल तर हे कर.

ऑटोकॅडमध्ये लेयर, ब्लॉक, एक्सरेफ (दुसरी फाइल जोडून दाखवणं), मॉडेल स्पेस आणि पेपर स्पेस हे विचारतातच, ते तुझ्या क्लासमध्ये झालं असेल. डेफपॉइंट्स लेयरवर काढलेलं प्रिंट होत नाही हे एक आवडतं कोडं आहे. पण आमच्या कामातला खरा प्रश्न लेझर कटिंगच्या डीएक्सएफचा, म्हणजे मशीनला द्यायच्या ड्रॉइंग फाइलचा. रेषेवर रेषा बसली असेल तर लेझर तीच जागा दोनदा कापते, प्रोफाइल उघडं राहिलं तर मशीनचं सॉफ्टवेअर घेतच नाही, म्हणून ओव्हरकिल (दुहेरी रेषा उडवते) आणि जॉइन (तुटक रेषा जोडते), मग पर्ज (न वापरलेलं साफ करते). आणखी एक, लाइन गेली आणि फाइल सेव्ह नव्हती तर काय करशील? ऑटोसेव्हची एसव्ही-डॉलर फाइल शोधून तिचं एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी करायचं, नाहीतर आधीच्या सेव्हची बीएके फाइल आहेच. आपल्या इकडच्या पोराला हा प्रश्न तर सुटलाच पाहिजे बाप्पा.

लॅपटॉप नाही म्हणतो, तर क्लासवाल्याला सकाळची रिकामी वेळ माग, तू फी भरली आहे. मित्राच्या साध्या मशीनवर फ्रीकॅड चालून जाते, फुकट आहे, २०२४ च्या शेवटी त्याचं १.० आलं आणि आधीपेक्षा बरंच सुधारलं. ऑनशेप ब्राउजरमध्ये चालते, फुकटच्या खात्यात तुझं मॉडेल सगळ्यांना दिसते एवढंच, पुली कोण चोरते. कॉलेजचं ओळखपत्र चालू असेल तर ऑटोडेस्कचं विद्यार्थ्यांसाठीचं फुकट मिळते. पेनड्राइव्हवरचं क्रॅक (विना लायसन्सचं सॉफ्टवेअर) घरी काय करायचं ते कर, पण इंटरव्ह्यूत 'माझ्याकडे लेटेस्ट व्हर्जन आहे' असं सांगू नको, कंपन्या लायसन्सच्या नोटिशीला जाम घाबरतात.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको. बुटीबोरीत हिंदीतच बोलतात, पुण्यात मराठी-इंग्रजी मिक्स. स्वतःची ओळख इंग्रजीत चार वाक्यं, बाकी पुलीबद्दल बोलायला लागला की भाषा कोणी पाहत नाही. नाही येत तर नाही येत म्हण. कोणत्याही कमांडचं नाव ठोकून देणारा पोरगा लगेच समजते.

पुलीचं ड्रॉइंग ए३ वर प्रिंट काढून फाइलमध्ये ने, टायटल ब्लॉक, मटेरियल, स्केल, प्रोजेक्शनचं चिन्ह सगळं भरून. ए४ वर नको, दाबून लहान केलेली मापं वाचताच येत नाहीत. पुण्याला महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाशील तर बडनेऱ्याला गाडीत चढ, आणि एक दिवस आधी पोच, रात्रभर जागून सकाळी टेस्टला बसलं की साधी मिरर कमांड आठवत नाही.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून इंटरव्ह्यूच्या आधी पैसे मागणारे फोन येतील, कट कर. माझ्या ओळखीच्या एका पोराची मूळ मार्कशीट एका कंपनीनं बॉन्डच्या नावाखाली ठेवून घेतली होती, सोडवता सोडवता वर्ष गेलं. ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची, आणि ओरिजिनल परत पिशवीत टाकूनच तिथून उठायचं.