एक्स-रे, टीबीच्या गोळ्या आणि बाटलीतली नारिंगी लघवी

"टीबीच्या गोळ्या चालू आहेत, एक्स-रे काढला तर चालेल का?" हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो. चालतो, एवढंच त्याचं उत्तर. पण तेवढ्यानं कुणाची भीती जात नाही, हे मला सोलापुरातल्या विड्या वळणाऱ्या एका ताईंनी शिकवलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वजन 41 किलो. थुंकीच्या तपासणीत टीबी सापडला, त्याच दिवशी छातीचा एक्स-रे झाला आणि गोळ्याही सुरू झाल्या, रोज तीन. ताईंनी त्या दोनच दिवस घेतल्या आणि पुढे आठवडाभर बंद ठेवल्या. शेवटी आशाताई त्यांना धरून माझ्यापुढे घेऊन आल्या.

बसल्या बसल्या ताईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाण्याची छोटी बाटली काढली. आत झेंडूच्या रंगाची लघवी.

"मॅडम, मशीननं आतनं जाळलंय बघा. गोळ्या गरम, त्यात तो एक्स-रे गरम. दोन्ही एकाच दिवशी दिलं तुम्ही."

हसण्यासारखं यात काही नव्हतं. एकाच दिवशी अंगावर दोन नव्या गोष्टी आल्या आणि दुसऱ्या सकाळी रंग बदलला. त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच हिशेब मांडला असता.

आधी विचारलं, उलट्या होतात का, जेवण जातं का, पोटात उजवीकडे दुखतं का. खिडकीच्या उजेडात डोळे पाहिले, ते पांढरे होते. या गोळ्यांचा क्वचित यकृताला त्रास होतो आणि तेव्हाही लघवी गडद होते, म्हणून नुसत्या रंगावरून "काही नाही हो" म्हणून पाठवणं मला पटत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, यकृत ठीक निघालं.

मग एक गोळी मोडून ओल्या कापसावर घासली. कापूस नारिंगी झाला. ताई बघतच राहिल्या. यातलं रिफाम्पिसिन हे औषध मुळातच लाल आहे. ते लघवीतून, घामातून, अश्रूंतूनही बाहेर पडतं आणि जाताना आपला रंग सोडतं.

"मग एक्स-रे?"

"रात्री बॅटरी बंद केल्यावर भिंतीत उजेड उरतो का?"

"कसा उरंल?"

तसंच हे. बटण दाबलं की किरण येतो, छातीतून आरपार जातो आणि संपतो. अंगात काही साठत नाही, त्यामुळे गोळीशी भांडायला मागे कुणी राहतच नाही. मातीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (हे किरण मोजायचं माप) किरणोत्सर्ग आपल्या सगळ्यांना मिळतोच. छातीचा एक एक्स-रे म्हणजे 0.1 किंवा त्याहूनही कमी, म्हणजे फार तर पंधरवड्याचा वाटा. सीटी स्कॅनचं गणित वेगळं. छातीच्या सीटीत 6-7 मिलिसिव्हर्ट जातात, म्हणून तो कशासाठी हवा हे डॉक्टरांना जरूर विचारावं. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच.

दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर मात्र एक्स-रेच्या आधी सांगायचं, हे बोलता बोलता निघालं. ताई म्हणाल्या, "तसलं काही न्हाई, मी माला-एन घेते." आणि खरी गाठ इथे सापडली! रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. किरणांची धास्ती घेऊन आलेल्या बाईला सावध करायला हवं होतं ते या दुसऱ्याच पाकिटाबद्दल. सिस्टरांनी त्यांना बाजूला घेऊन तांबीची माहिती दिली.

लघवीचा रंग बदलेल हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ती चूक आमच्या केंद्राची. चार वाक्यं बोलायचा कंटाळा आणि आठवड्याच्या गोळ्या बुडाल्या. टीबीत अशी मधेच सोडलेली गोळी जंतूला औषध पचवायला शिकवते. डॉक्टरांनी त्याच दिवशी उपचार पुन्हा सुरू केले आणि बुडालेले दिवस पुढे जोडले.

पुढच्या सोमवारी ताई आल्या. पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या, बरोबर होत्या. उठताना त्यांनी दाराकडे पाठ केली आणि ब्लाउजच्या काखेतला पिवळट नारिंगी डाग मला दाखवला.

"मॅडम, हे बी गोळीचंच ना?"

"गोळीचंच."

"मग असू दे."