अमिश वस्तीतल्या महिला पोलीस प्रमुखाची रहस्यमालिका कोणती आणि ती वाचावी का?

अमिश म्हणजे अमेरिकेतला, आधुनिक साधने शक्यतो टाळून घोडागाडीने फिरणारा एक ख्रिस्ती पंथ. त्यांच्या वस्तीत काम करणाऱ्या महिला पोलीस प्रमुखावरची इंग्रजी रहस्यमालिका कोणती, ती क्रमानेच वाचावी लागते का, आणि तिच्यातले अमिश जीवन कितपत खरे आहे, असे आपण विचारले आहे. ही मालिका लिंडा कॅस्टिलो यांची. पहिली कादंबरी ‘स्वॉर्न टू सायलेन्स’ २००९ मध्ये आली आणि त्यानंतर मालिकेत जवळपास दरवर्षी एका पुस्तकाची भर पडत गेली. नायिकेचे नाव केट बर्कहोल्डर. तिचे पेंटर्स मिल हे गाव काल्पनिक आहे. मात्र ओहायो राज्यातली होम्स काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) खरी आहे आणि अमिशांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक तिथे आहे.

मला ही मालिका मोलाची वाटते ती केट ज्या पेचात उभी आहे त्यामुळे. ती स्वतः अमिश घरात वाढली. चौदाव्या वर्षी तिच्यावर बलात्कार झाला, तिने त्या माणसावर गोळी झाडली, आणि वडिलांनी पोलिसांना न कळवता भावाच्या मदतीने सारे प्रकरण दडपले. पुढे समाज सोडून ती कोलंबस या ओहायोच्या राजधानीत गेली, पोलिसात भरती झाली आणि प्रमुख म्हणून गावी परतली. सोळा वर्षांपूर्वी थांबलेले खून त्याच पद्धतीने पुन्हा सुरू होतात, तेव्हा आपल्या गोळीने तो माणूस खरोखर मेला होता का, ही शंका तिला पोखरू लागते. आणि ज्यांच्याकडून तपास करून घ्यायचा त्या हाताखालच्या माणसांपुढे ती हे बोलूही शकत नाही. खुनी कोण, हे अर्थातच मी सांगत नाही.

अमिश माणसे पोलिसांशी बोलायला का कचरतात, हे लेखिकेने नीट समजून घेतले आहे. सोळाव्या शतकात युरोपात त्यांच्या पंथाच्या पूर्वजांचा राज्यसत्तेने अनन्वित छळ केला आणि ती आठवण त्यांनी आजही जपली आहे. शिवाय अपराध्याने चर्चच्या मंडळीसमोर कबुली दिली, पश्चात्ताप केला, की त्याला क्षमा करणे हे ते धर्मकर्तव्य मानतात. न ऐकणाऱ्याला वाळीत टाकतात. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्सच्या अमिश शाळेत पाच मुलींची हत्या झाली, तेव्हा त्या समाजाने मारेकऱ्याच्या कुटुंबाला धीर दिला, हे जगाने पाहिले. ही क्षमा थोर आहेच. पण गुन्हा घरातलाच असेल तर तिच्याआड पीडित व्यक्तीचा आवाज दबू शकतो, आणि केटच्या कथा या दुखऱ्या जागेवर नेमके बोट ठेवतात. चौकशीसाठी ती एखाद्या घरात जाते, पेनसिल्व्हेनिया डच ही अमिशांची जर्मन बोली बोलते, सारे रीतिरिवाज तिला ठाऊक असतात, आणि तरीही घरातली वडीलधारी माणसे तिला परकीच समजतात; असे प्रसंग मला खुनाच्या उकलीपेक्षा अधिक लक्षात राहिले आहेत.

तपशीलही बहुतांशी विश्वसनीय आहेत. ‘हर लास्ट ब्रेथ’ (२०१३) या कादंबरीत घोडागाडीला वाहन धडकून एक बाप आणि त्याची दोन मुले दगावतात. अशा धडका तिथल्या रस्त्यांवर खरोखर होतात. संथ वाहनाचा नारिंगी त्रिकोण गाडीच्या मागे लावणेसुद्धा श्वार्ट्‌झेनट्रूबर हा कडवा गट भपक्याचे लक्षण मानतो आणि त्याऐवजी परावर्तक पट्ट्या लावतो. एवढ्याशा वस्तीत इतके खून मात्र प्रत्यक्षात होत नाहीत; ती सूट रहस्यकथेला द्यावीच लागते.

पहिले पुस्तक आधी वाचावे, कारण केटचे गुपित आणि राज्य तपास विभागातल्या जॉन टोमासेटीशी जुळणारे तिचे नाते दोन्ही तिथूनच सुरू होतात. पुढची पुस्तके मागेपुढे वाचली तरी प्रत्येकातले प्रकरण स्वतंत्र असल्यामुळे अडत नाही. त्या पहिल्या पुस्तकात हिंसेची वर्णने फार उघडी आहेत. तशी वर्णने आपल्याला सोसत नसतील तर ‘हर लास्ट ब्रेथ’पासून सुरुवात करावी आणि मग मागे वळावे.